भिंतीकडची बाजू

१

माझं लग्न दोन हजार दोनच्या मे महिन्यात झालं आणि जूनपासून मी सासऱ्यांचे श्वास मोजायला लागले.

मुरबाडकडे, माझ्या माहेरी, नव्या सुनेला आधी भाकरी थापायला बसवतात. हात कळतो म्हणे. शेणव्याला सासरी मला एक शंभर पानी वही, एक बॉलपेन आणि माझ्या नवऱ्याचं जुनं मनगटी घड्याळ मिळालं. बारावी सायन्सचा एवढा उपयोग होईल असं आमच्या प्राचार्यांनाही वाटलं नसेल.

मामा, म्हणजे माझे सासरे महादू, तीस वर्षं भाताच्या गिरणीवर होते. गिरणीत तुसाची धूळ धुक्यासारखी तरंगते. तोंडाला फडकं बांधायला त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी गिरणीच्या आवाजात ऐकू आलं नसतं. गावात सगळे त्यांच्या धापेला दमा म्हणायचे. शहापूरचे डॉक्टर म्हणाले, हा साधा दमा नाही, फुप्फुसं कायमची गेलीत. आहेत तेवढी सांभाळायची.

पण आम्ही गेलो होतो ते झोपेसाठी. मामा तीन आठवडे रात्रभर खाटेवर बसून होते. पहाटे मान कलायची, दचकून वर यायची.

"झोपेची गोळी द्या ना डॉक्टर," माझा नवरा भूषण म्हणाला. पत्रिकेवर बुद्धभूषण छापलं होतं, पण तेवढं नाव घ्यायला घरात कुणाला वेळ नसतो.

"यांना नाही," डॉक्टर म्हणाले. "आपण झोपलो तरी आपलं शरीर श्वास घेत राहतं. यांचं शरीर आधीच ओढूनताणून घेतंय. गोळीनं त्यालाच गुंगी आली तर? झोप छान लागेल. उठतील याची खात्री नाही."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. दुपारी झोपू द्यायचं नाही. चारनंतर चहा बंद. सकाळी उन्हात बसवायचं. उशाला उंच करायचं. श्वास सोडताना ओठ आवळून, गरम चहावर फुंकर घालतात तसा, हळू सोडायचा. आणि रात्री कुणीतरी जवळ बसून मिनिटाला किती श्वास ते लिहायचं. "यांना झोप येत नाही असं नाही," ते म्हणाले. "यांना झोपेची भीती वाटते."

हे सगळं ते माझ्याकडे बघून सांगत होते. मान हलवणारी मी एकटीच होते.

२

मामांची खाट आतल्या खोलीत भिंतीला लावलेली. चांगली रुंद, सागाची, दोन माणसांची. वर पत्रा, एक पंखा, भिंतीवर बुद्धांची तसबीर आणि तिच्याशेजारी माझ्या सासूबाईंचा फोटो. गीताबाई आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी गेल्या. मी त्यांना पाहिलंच नाही. मैत्रिणींनी माझा हेवा केला होता, की बाई, सासूशिवायचं सासर मिळालं.

एवढ्या मोठ्या खाटेवर मामा अगदी कडेला झोपायचे, कूस बदलली तर खाली पडतील असे. भिंतीकडची अर्धी बाजू मोकळी. तिथे एक उशी आणि पसरलेली गोधडी.

"मामा, तिकडे सरका की. पडाल."

"ती बाजू तिची हाय," ते म्हणाले. रागानं नाही. एसटीत सीट धरून ठेवलेला माणूस सांगतो तसं.

सासूबाईंचीही फुप्फुसं गेलेली होती, चुलीच्या धुरानं. शेवटची पाच-सहा वर्षं दोघंही रात्री धापा टाकायची. मग त्यांनी राखण लावली होती. इकडे भात पिकलं की रानडुकरं हाकायला शेतातल्या माळ्यावर दोघं राखणीला बसतात. एक झोपतो, एक जागतो. बदलताना झोपणारा विचारतो, "घेतलीस?" दुसरा म्हणतो, "घेतली." ते ऐकल्याशिवाय पहिला डोळे मिटत नाही. या दोघांनी ते घरात आणलं. एकानं झोपायचं, दुसऱ्यानं त्याच्या श्वासावर कान ठेवायचा. अडला तर हलवायचं.

"ती गेली," मामा म्हणाले, "मंग राखण कोण घेणार?"

भूषणला हे ठाऊकच नव्हतं. त्याला वाटायचं म्हातारी माणसं रात्री गप्पा मारतात.

३

पहिल्या रात्री मी स्टूल खाटेला लावून बसले. मामा बराच वेळ फुंकर घालत पडून होते. मग डोळे मिटता मिटता त्यांनी विचारलं, "घेतलीस?"

मी म्हटलं, "घेतली."

ते तीन तास झोपले. वहीत माझे आकडे आहेत. चोवीस, बावीस, तेवीस, बावीस. त्या रात्री मला आयुष्यात पहिल्यांदा आपण कशाला तरी उपयोगी आहोत असं वाटलं.

पुढे ते रोजचंच झालं. भूषण पहाटेच्या जीपनं आसनगावला जायचा, तिथून पुढे कामावर, रात्री नवाला घरी. तो आला की जेवण, मग माझी वही. दोन-अडीचपर्यंत मी बसायची. नंतर मामा स्वतःच म्हणायचे, जा पोरी, आता मी जागतो.

शेजारची शकूवहिनी विहिरीवर म्हणाली, "नवी नवरी तू, नि रात सासऱ्याच्या खाटेशी? भूषणभाऊ काय करतात गो?"

"घोरतात," मी म्हटलं.

"ते पण मोजतेस काय?" आणि तिनं अशी हसून घागर उचलली की माझ्या साडीवर निम्मी सांडली.

४

ऑगस्टमधली दुपार. लावणी आटोपली होती. लाईट गेलेली, पंखा बंद. मी मामांच्या खोलीत उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसले होते आणि मामांना डुलकी लागली. दुपारी झोपू द्यायचं नव्हतं. पण चेहरा इतका सैल पडला होता की म्हटलं, दहाच मिनिटं.

निवडता निवडता सवयीनं कान मोजायला लागला. घड्याळ पुढ्यातच होतं. मिनिटभर मोजलं.

चव्वेचाळीस.

माझ्या हातातलं ताट कलंडलं. चव्वेचाळीस म्हणजे शहापूर, दवाखाना, आत्ताच्या आत्ता. मी धावत खाटेशी गेले. मामा शांत होते. बनियनखाली छाती वर येत होती, खाली जात होती. डोळ्यांनी मोजलं. बावीस.

पुन्हा कानांनी मोजलं. चव्वेचाळीस.

मग मी नीट ऐकलं. एक श्वास मामांचा, फुंकरीचा, शेवटाला बारीक शीळ. त्यानंतर, मामांची छाती स्थिर असताना, आणखी एक. तोही फुंकर घालूनच सोडलेला. पण शीळ नव्हती. थोडा ओलसर होता, धुरानं खोकलेल्या माणसाचा असतो तसा.

पत्रा आहे, घुमत असेल. मी दार लावून घेतलं. तसंच. भिंतीपलीकडे मोरी होती. जाऊन पाहिलं, बादली आणि साबणाची वडी. परत येऊन खाटेवर वाकले आणि कान हळूहळू भिंतीकडे नेला. जितका नेला तितका दुसरा श्वास जवळ आला. उशीच्या वर वीतभर अंतरावर मी थांबले. त्याहून खाली जायचं मला धैर्य झालं नाही, हे लिहायला लाज वाटत नाही.

मी मामांना उठवलं. वहीत बावीस लिहिलं. उरलेले बावीस कुठे लिहायचे ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

५

भूषणला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. "पत्रा घुमतो," तो म्हणाला. "आईच्या वेळी पण घुमायचा."

मला ते पटवून घ्यायचं होतं. मी पटवून घेतलं. त्यानंतर कानांनी मोजायचं सोडलं, डोळ्यांनी मोजायला लागले आणि आकडे छान येऊ लागले.

सप्टेंबरात मामांना ताप आला. छाती भरली. डॉक्टरांनी औषधं बदलली, ताप उतरला, पण झोप गेली ती गेलीच. चार रात्री सलग. फुंकर, बसणं, उठणं, पुन्हा बसणं. चौथ्या दिवशी ते मला गिरणीचा पट्टा सरकलाय म्हणून हाका मारायला लागले. मीही चार रात्री जागीच होते. चुलीवर दूध उतू जाताना मी ते बघत उभी होते, उतरवायचं असतं हे आठवत नव्हतं.

त्या संध्याकाळी भूषणनं खिशातून कागदाची पुडी काढली. कामावरच्या कुणीतरी दिलेल्या झोपेच्या चार गोळ्या.

"डॉक्टर नको म्हणाले होते," मी म्हटलं.

"डॉक्टर शहापूरला झोपतात. हितं बाबा जागतात."

"अहो, पण..."

"अर्धीच देतो, मेघा. बघवत नाय गो मला."

त्याचे डोळे भरले होते. मी एकदा नको म्हटलं. ठामपणे दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं. पण लग्नाला चारच महिने झाले होते, आणि खरं सांगायचं तर मलाही झोप हवी होती. भूषणनं दुधातून अर्धी गोळी दिली. मी तेव्हा भांडी घासत होते. घासलेलीच पुन्हा घासत होते.

६

साडेदहाला मामांचे डोळे जड झाले. मी स्टुलावर होते. त्यांनी विचारलं, "घेतलीस?"

मी तोंड उघडल्याचं आठवतं. बोलल्याचं आठवत नाही. डोकं खाटेच्या कडेवर टेकलं आणि सगळं काळं होत जाताना मी ऐकलं, "घेतली." मला वाटलं, माझाच आवाज.

जाग आली तेव्हा कंदील बारीक झाला होता आणि खोलीत श्वास चालला होता. संथ. एकसारखा. कित्येक महिन्यांत असा ऐकला नव्हता. दाराशी भूषण उभा होता.

"ऐक," तो कुजबुजला. हसत होता. "कसे झोपलेत बघ. उगाच घाबरत होतो आपण."

मीही हसले. सवयीनं घड्याळ उचललं आणि वात मोठी करून मामांच्या छातीकडे पाहिलं.

छाती हलत नव्हती.

श्वास चालू होता. आत, बाहेर. मी दहा सेकंद पाहिलं, वीस सेकंद पाहिलं. बनियनची सुरकुतीसुद्धा जागची हलली नाही. घड्याळाची काच मी त्यांच्या नाकाशी धरली. काच कोरडी. आणि भिंतीकडून, माझ्या हातापासून फार तर दोन फुटांवर, कुणीतरी अगदी निवांत फुंकर घालत होतं.

"बघ ना, किती छान," भूषण म्हणाला.

मी मामांच्या काखेत हात घालून त्यांना उठवून बसवलं. पाठीवर थापट्या मारल्या, गालावर मारल्या, ओरडले. नव्या सुनेनं सासऱ्याच्या तोंडात मारलेली आमच्या घरात ती पहिलीच वेळ असेल. त्यांच्या ओठांचा रंग जांभळा झाला होता. मग घशातून घर्रकन आवाज आला, छाती वर आली, आणि ते खोकले, खोकत राहिले.

त्याच क्षणी दुसरा श्वास थांबला. संपला नाही. अर्ध्यावर थांबला, आपण काही ऐकायला दम धरतो तसा.

मामांना बोलायला बराच वेळ लागला. पहिलं वाक्य त्यांनी मला उद्देशून म्हटलं, आणि त्यात तक्रार होती.

"कशाला उठवलंस? तिनी घेतली होती ना. म्हणली, तू नीज, मी दोघांचा घेते."

७

पुडी मी चुलीत टाकली. भूषणनं दोन दिवस माझ्याकडे बघितलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी आसनगावहून उगाचच माझ्यासाठी पाव किलो जिलेबी घेऊन आला. डॉक्टरांना आम्ही गोळीचं सांगितलं. ते इतके रागावले की बाहेरचे पेशंट आत डोकावले. बाकीचं सांगितलं नाही. त्यांनी बोटाला चिमटा लावून रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा बघितला, तोंडानं ओढायची नवी कॅप्सूल दिली, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू करायला सांगितलं.

केलं. सकाळचं ऊन, चहा बंद, उंच उशी, ओठ आवळून फुंकर. झोप आली नाही तर पडून तळमळायचं नाही, उठून ओटीवर बसायचं, पेंग आली की परत. ऑक्टोबरात दोन तास. नोव्हेंबरात चार. मी आता कानांवर विश्वास ठेवत नव्हते, डोळ्यांवरही पुरता नाही. रात्रभर मामांच्या पाठीवर तळवा ठेवून मोजायची. तळव्याखाली हललं तरच एक.

भिंतीकडे मी बघत नसे. एकदा ती गोधडी धुऊन, घडी घालून पेटीत ठेवली. त्या रात्री मामा बसूनच राहिले. दुसऱ्या दिवशी मीच ती काढून पसरली, चारही कोपरे ओढून, जणू पाहुण्यांचं अंथरूण.

एका संध्याकाळी ओटीवर बसलो असताना मी विचारलं, "मामा, आत्या कशा होत्या?" न पाहिलेल्या सासूला आत्या म्हणताना जीभ अडली.

"चांगली होती गो. कष्टाळू." ते दम घ्यायला थांबले. "एकच खोड. एकदा राखण घेतली का सोडायची नाय. मी उठून बसलो, म्हणलं, दे आता, तू नीज. तरी म्हणायची, राहू दे, तू दमलायस. शेवटी शेवटी ती निजलीच नाय."

"आणि आता?"

"आता तिला वाटतं, समदेच दमलेत."

माझ्याकडे बघून ते हे बोलले. मी जांभई दिली होती.

८

डिसेंबरात थंडी पडली. मामा पाच तास झोपायला लागले होते. डॉक्टर वहीची पानं उलटत म्हणाले, औषधापेक्षा हे काम मोठं आहे. मी ते भूषणला तीनदा सांगितलं.

त्या रात्री मी स्टुलाऐवजी खाटेशी चटई टाकली. म्हटलं, पाठ टेकू, हात वर ठेवून मोजता येईल. मामा झोपले. अकरा वाजले होते. मी पस्तीस सेकंदांपर्यंत मोजल्याचं आठवतं.

डोळे उघडले तेव्हा खिडकीत राखाडी उजेड होता. किती महिन्यांनी मी अशी झोपले होते. अंग हलकं, डोकं रिकामं. बाहेरच्या दाराशी भूषण पाठमोरा बूट घालत होता.

"रात्री काय झोपलेलात दोघं," तो म्हणाला. "मी पाणी प्यायला उठलो तर ऐकत उभाच राहिलो. दोन्ही श्वास एका लयीत. बाबांचा नि तुझा." त्यानं डबा घेतला. बाहेर जीपनं हॉर्न दिला. "झोप अजून. चहा मी घेतलाय."

तो गेला. मी हसत कुशीवर वळले.

मामा खाटेवर बसलेले होते. डोळे लाल, चेहरा पांढराफटक. हा माणूस रात्रभर झोपलेला नव्हता. ते भिंतीकडे कलले होते आणि त्यांचा उजवा हात मोकळ्या बाजूच्या गोधडीवर होता, पंजा पसरून, सगळा भार टाकून दाबलेला.

"मामा? झोपला नाय तुमी?"

"कसा झोपू?" ते म्हणाले. प्रत्येक शब्दाला दम घेत होते. "मधी जाग आली. तुझ्याकडं बघितलं. पदर हलत नव्हता तुझा."

"भूषण म्हणाले, दोन श्वास..."

"एक माझा. दुसरा तुझा नव्हता, पोरी. हितून येत होता." त्यांनी हाताकडे मान केली. "तीन हाका मारल्या. खाली उतराया पाय निघंनात. मंग हात ठेवला नि दाबला. तिला म्हणलं, हिचा नको गो घेऊ, ही पोर हाय, हिचा हिला घेऊ दे. लई जोर लावला. ती अडली, तवा तू एकदम मोठा घेतलास. तवापासून हात सोडला नाय."

"कधीपासून?"

"भूषण पाणी पिऊन गेला, त्याच्या मागनं."

मी उठून बसले. सहा महिने मी ज्या झोपेसाठी रात्री काढल्या, ती त्यांच्या डोळ्यांतून पार गेली होती. ती परत येणार नाही हे मला तेव्हाच कळलं. आता राखण त्यांनी घेतली होती. माझी.

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. हात म्हाताऱ्या माणसाचा, शिरा वर आलेल्या. तो सगळ्या जोरानं खाली दाबत होता. आणि गोधडीसकट तो हळूच वर येत होता, खाली जात होता. मामांची स्वतःची छाती भराभर हलत होती. हाताची लय वेगळी होती. संथ.

"सोडू काय?" त्यांनी विचारलं. "हात भरून आलाय. पण आधी बघ. तुझा तू घेतेस ना?"

जीपचा आवाज वळणापलीकडे विरला होता. मी छातीवर हात ठेवला आणि वाट बघितली.